डोळा पाचशेचा, भूक दोन अँपिअरची

‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ हे वाक्य ज्याच्या स्क्रीनवर कधी उमटलं नाही, त्यानं ईएसपी३२-कॅम हा बोर्ड अजून हाताळलेला नाही असं खुशाल समजावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत डोकावून पाहा. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टला भिडलेली असतात. विषयही ठरलेले. चेहरा ओळखून उघडणारं दार, हजेरी घेणारा कॅमेरा, शेतात शिरलेल्या जनावराचा फोटो मालकाच्या मोबाइलवर धाडणारी पेटी. टेबलावर चाळीस मिलिमीटर लांब आणि सत्तावीस मिलिमीटर रुंद असा एक काळा बोर्ड, त्याला रंगीबेरंगी जम्पर वायरींचा गुंता, आणि लॅपटॉपच्या खिडकीत वरून खाली धावणारं हे एकच वाक्य. बोर्ड सुरू होतो, हे वाक्य लिहितो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा तेच लिहितो.

मुलं काय करतात? कोड बदलतात. दुसरी लायब्ररी उतरवून घेतात. मग तिसरी. एखादा आर्डुइनोचं सॉफ्टवेअरच काढून नव्यानं घालतो. रात्री दोनला ग्रुपवर ‘कुणाचं चाललं का रे?’ असा मेसेज पडतो. कोडमध्ये मात्र काहीच चुकलेलं नसतं. तो बहुधा दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला आणि हजारो लोकांनी चालवून पाहिलेला असतो. कमी पडलेली असते वीज.

या बोर्डाबद्दल जे काही बोललं-लिहिलं जातं त्यात नव्वद टक्के भाग प्रोग्रामिंगचा असतो. माझं म्हणणं उलटं आहे. हा बोर्ड मुळात विजेचा प्रश्न आहे, प्रोग्रामिंगचा नंतर. ते का, हे समजायला आधी या तुकड्यावर काय काय बसवलंय ते पाहावं लागेल.

इंटेलनं १९८० साली काढलेली ८०५१ ही चिप आपल्याकडच्या डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात अशी मुक्कामाला आली की बापही तीच शिकले आणि पोरंही. तिच्यात कामापुरती स्मृती होती १२८ बाइट आणि प्रोग्राम ठेवायला चार किलोबाइट. त्यात ट्रॅफिक सिग्नल बसायचा, लिफ्ट बसायची, पाण्याच्या टाकीची पातळी बसायची. ईएसपी३२ ही २०१६ ची चिप. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट स्मृती, आणि पोटातच वायफाय आणि ब्लूटूथ. ती बनवणारी एस्प्रेसिफ ही शांघायची कंपनी सिंगापूरच्या तिओ स्वी आन यांनी २००८ मध्ये काढली. २०१४ मध्ये त्यांची ईएसपी८२६६ ही चिप शेन्झेनच्या एआय-थिंकरनं एका नखभर मॉड्यूलवर बसवून विकायला काढली. तेव्हा तिची माहितीपत्रकं फक्त चिनीत होती, आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती आपापसात उलगडून घेतली. इतक्या स्वस्तात वायफाय मिळतंय म्हटल्यावर भाषेची अडचण कुणाला? याच एस्प्रेसिफचं एक कार्यालय आज पुण्यात आहे, आणि तिथले अभियंते या चिपांच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. पुण्याच्याच बुधवार पेठेत बोर्ड विकत घेणाऱ्या बऱ्याच मुलांच्या हे गावीही नसतं.

एआय-थिंकरनंच पुढे ईएसपी३२ ला कॅमेरा जोडला, मेमरी कार्डाची खाच दिली, एक झगझगीत पांढरा एलईडी बसवला आणि ईएसपी३२-कॅम बाजारात आणला. कॅमेरा ओव्ही२६४०, ऑम्निव्हिजन कंपनीचा, दोन मेगापिक्सेलचा. एके काळी असले सेन्सर मोबाइल फोनमध्ये असत. फोन पुढे गेले आणि हा सेन्सर स्वस्त होऊन इथे आला.

या कॅमेऱ्याचा खरा गुण मेगापिक्सेलमध्ये नाही. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके. दर ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका फोटोला ३८ लाख ४० हजार बाइट लागतात. चिपमध्ये आहेत पाच लाखांच्या आसपास. म्हणजे एक अख्खा फोटोसुद्धा तिच्या स्वतःच्या स्मृतीत मावत नाही. त्यावर तोड दोन. एक, बोर्डावर चार मेगाबाइटची जादा स्मृती बसवली आहे. दुसरी जास्त हुशारीची: ओव्ही२६४० स्वतःच फोटोचा जेपेग करून देतो. चिपच्या हातात येतो तो आधीच दाबून लहान केलेला, एक-दोन लाख बाइटांचा फोटो. तिला फक्त तो वायफायवर टाकायचा किंवा कार्डावर लिहायचा. पाचशे-सहाशे रुपयांत हे जमतं ते या वाटणीमुळे.

पण वाटणी झाली म्हणून वीज वाटली जात नाही. कॅमेरा, रेडिओ, जादा स्मृती आणि एलईडी हे सगळे एकाच वेळी एकाच वाटेनं वीज ओढतात.

प्रोग्राम टाकण्याचं प्रकरण आधी उरकू, कारण पहिला अडथळा तोच. या बोर्डाला यूएसबीचं तोंडच नाही. पैसे वाचवायला ते गाळलंय. त्यामुळे लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यामध्ये यूएसबी-टू-टीटीएल नावाचा एक छोटा दुभाष्या लागतो. त्याची बोलायची तार बोर्डाच्या ऐकायच्या पिनला आणि ऐकायची तार बोलायच्या पिनला, अशी उलटसुलट जोडायची. दोघांचं ग्राउंड एक करायचं. मग आयओ-शून्य नावाची पिन ग्राउंडला जोडून रीसेट दाबायचं. चिप जागी होताना ही पिन पाहते. ती ग्राउंडला असेल तर जुना प्रोग्राम चालवायचा सोडून नवा घ्यायला बसते. प्रोग्राम गेला की ती तार काढायची आणि पुन्हा रीसेट. तार काढायची राहिली तर बोर्ड आपला नव्या प्रोग्रामची वाट पाहत गप्प बसून राहतो आणि पोरं म्हणतात, ‘अपलोड तर झालं, चालत का नाही?’

गंमत अशी की रीसेटचं बटण बोर्डाच्या खालच्या बाजूला आहे. ब्रेडबोर्डवर बसवला की ते बटण ब्रेडबोर्डकडे तोंड करून दडून बसतं. मग कुणी नखानं चाचपतं, कुणी सरळ वीज काढून पुन्हा लावतं. हा बोर्ड आखणाऱ्या माणसानं तो स्वतः ब्रेडबोर्डवर कधी वापरला नसावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या दुभाष्या तुकड्यांचाही एक इतिहास आहे. त्यातली नावाजलेली चिप ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची. तिच्या इतक्या नकला निघाल्या की २०१४ च्या ऑक्टोबरात कंपनीनं विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला जो नकली चिप ओळखून तिचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकायचा. संगणकाला मग ती चिप दिसेनाशी व्हायची. जगभर बोंब झाली, कारण नकली माल विकणारा कुठेतरी नामानिराळा राहिला आणि फटका बसला तो अजाणता घेणाऱ्याला. कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. आज आपल्या बाजारात जास्त दिसते ती नानजिंगची सीएच३४० ही चिप. स्वस्त आहे आणि कुणाची नक्कल नाही.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. एफटीडीआयच्या त्या प्रसिद्ध चिपवर ३.३ व्होल्टची एक पिन असते. बोर्डावरही ३.३ व्होल्टची पिन असते. दोन्हीकडे तोच आकडा, मग जोडायला काय हरकत? हरकत अशी की त्या चिपची ती पिन जास्तीत जास्त ५० मिलिअँपिअर देऊ शकते, आणि ईएसपी३२ चा रेडिओ एकटाच बोलताना २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. व्होल्ट जुळले म्हणजे काम झालं, असा समज आपल्या शिक्षणात पक्का बसलेला असतो. पुस्तकातल्या सर्किटमध्ये सप्लाय नेहमीच हवी तेवढी वीज देणारा असतो. टेबलावरचा तसा नसतो.

आता मुख्य दुखण्याकडे.

बोर्डाच्या माहितीपत्रकात लिहिलंय: पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा सप्लाय वापरा. तिथेच पुढे खप दिलाय. फ्लॅश बंद असताना १८० मिलिअँपिअर, फ्लॅश पूर्ण चालू असताना ३१०. मग दोन अँपिअर कशाला? वाचणाऱ्याला वाटतं, कंपनी सावधपणे वाढवून सांगतेय. लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट पाचशे मिलिअँपिअर देतो, तेवढं पुष्कळ झालं. हीच जागा घात करते. १८० आणि ३१० हे सरासरी आकडे आहेत. वायफाय बोलतं ते झटक्याझटक्यानं. मिलिसेकंदभर पाठवतं, थांबतं, पुन्हा पाठवतं. पाठवतानाचा झटका सरासरीच्या कितीतरी वर जातो, आणि नेमका तेव्हाच कॅमेराही सुरू होत असेल तर दोघांची भर पडते.

चारशे मिलिअँपिअरचा एक झटका धरू आणि त्याच्या वाटेनं चालू. यूएसबी पोर्टवर नियमानुसार ४.७५ व्होल्ट असले तरी पोर्ट निर्दोष समजला जातो. पूर्ण पाच असतीलच असं नाही. तिथून बारीक तारेची मीटरभर केबल, मग दुभाष्या तुकडा, मग ब्रेडबोर्डचे ढिले पडलेले दात, मग दोन जम्पर वायरी. या सगळ्यांचा जाण्यायेण्याचा रोध मिळून एक ओम व्हायला फार काही लागत नाही. चारशे मिलिअँपिअर गुणिले एक ओम म्हणजे ०.४ व्होल्ट वाटेतच गळाले. बोर्डापर्यंत पोचले ४.३५. बोर्डावर पाचाचे ३.३ करणारा एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर आहे. त्याची अट अशी की बाहेर द्यायच्या व्होल्टेजपेक्षा आत एक ते सव्वा व्होल्ट जास्त हवेत. ३.३ मध्ये ते मिळवले तर ४.३ ते ४.६ लागतात. आपल्याकडे ४.३५ आहेत. म्हणजे रेग्युलेटर काठावर उभा आहे, आणि झटका जरा मोठा आला की ३.३ चे तीन होतात, तिनाचे पावणेतीन. चिपच्या आत एक पहारेकरी बसवलेला आहे. वीज साधारण अडीच व्होल्टच्या खाली घसरली की तो चिपला बंद करून पुन्हा सुरू करतो, कारण उपाशीपोटी चिप काय लिहील आणि काय वाचेल याचा भरवसा नसतो. जाताजाता तो एक ओळ लिहून जातो. सुरुवातीला दिलेली ओळ ती हीच.

इंटरनेटवर याचा ‘इलाज’ फुकट मिळतो. कोडच्या सुरुवातीला एक ओळ घाला आणि पहारेकऱ्यालाच बंद करा. संदेश बंद होतो हे खरं. घरात फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळून ठेवण्यातला हा प्रकार. पुढे फोटो अर्धवट हिरवे येतात, कार्डावरच्या फायली बिघडतात, कॅमेरा सापडत नाही असा निरोप येतो, आणि आता कारण सांगायला कुणी शिल्लक नसतं. दुर्दैवानं तयार मिळणाऱ्या कित्येक प्रोजेक्टांच्या कोडमध्ये ही ओळ ठेवणीतली असते.

खरा इलाज साधा आणि स्वस्त आहे. पाच व्होल्ट दोन अँपिअरचा धड अडॅप्टर. आखूड आणि जाड तारेची केबल. वीज ब्रेडबोर्डच्या पट्टीवरून न नेता सरळ बोर्डाच्या पाच व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या पिनपर्यंत. आणि त्या दोन पिनांना अगदी लागून ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. मिलिसेकंदाचा झटका तो आपल्या साठ्यातून भागवतो आणि केबलवर भार येऊ देत नाही. त्याची पट्टा मारलेली बाजू ग्राउंडला जाते. उलटा लावला तर फुगतो, प्रसंगी फुटतो, तेवढं सांभाळायचं. किंमत काही रुपये. या काही रुपयांसाठी किती रात्री जागल्या गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पुण्यात हा सगळा माल मिळण्याचं ठिकाण म्हणजे बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत. मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. काउंटरवर या बोर्डाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो: ‘विथ प्रोग्रामर का विदाउट?’ प्रोग्रामर म्हणजे खालचा बोर्ड. त्याच्यावर सीएच३४० आणि मायक्रो यूएसबीचं तोंड असतं, बोर्ड त्यात वरून खोचायचा, आयओ-शून्यची तार लावायची-काढायची कटकट मिटते. शंभर-दीडशे रुपये जास्त पडतात, पण नव्या माणसानं तेच घ्यावं. मात्र एक अडचण दुकानदार सांगत नाही. बोर्ड प्रोग्रामरमध्ये खोचला की बोर्डाच्या सगळ्या पिना प्रोग्रामरच्या खाचांत जातात, सेन्सर लावायला एकही मोकळी उरत नाही. प्रोग्राम टाकायचा, उपसून काढायचा, सेन्सरच्या सर्किटवर बसवायचा, चूक दिसली की पुन्हा उलट. याच गल्ल्यांत तयार प्रोजेक्टही मिळतात, रिपोर्टसकट. त्यांचं मोजमाप एकच: एक्स्टर्नल परीक्षक टेबलापुढून पुढे सरकेपर्यंत चाललं पाहिजे.

सेन्सर जोडायला घेतले की कळतं, या बोर्डावर इनपुट-आउटपुटच्या पिना दिसायला दहा आहेत, कामाला फार थोड्या. मेमरी कार्ड वापरलं तर बऱ्याचशा त्याच्याकडे जातात. पांढरा एलईडी ज्या पिनवर आहे तीच पिन कार्डाच्या एका तारेचंही काम करते, म्हणून फोटो कार्डावर लिहिला जाताना एलईडी आपोआप लुकलुकतो. रात्री लपून जनावराचे फोटो काढणाऱ्या पेटीत हे किती शहाणपणाचं! कार्ड एकाच तारेवर चालवण्याची सोय आहे, ती वापरली की लुकलुक थांबते.

हालचाल टिपायला बहुतेक जण एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर घेतात. पांढऱ्या घुमटाखाली बसलेला, सात मीटरपर्यंत पाहणारा, दोन पिळांचा. एक पिळ संवेदनशीलतेचा, दुसरा वेळेचा. तो कुठल्या पिनला जोडायचा? बारा नंबरची मोकळी दिसते, म्हणून पुष्कळ जण तिथेच लावतात. आता ही बारा नंबरची पिन चिप जागी होताना आणखी एका कामासाठी पाहिली जाते: प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश चिपला ३.३ व्होल्ट द्यायचे की १.८, हे ती ठरवते. जागं होताना तिच्यावर वीज असेल तर चिप १.८ देते, फ्लॅश वाचता येत नाही आणि बोर्ड उठतच नाही. पीआयआर सेन्सर वीज मिळाल्यावर पहिलं मिनिटभर स्थिरावत असतो, आणि तेवढ्यात समोर कुणी हललं की तो पिनवर वीज देतो. म्हणजे माणूस समोर उभा असला की बोर्ड सुरू होत नाही. बाजूला झाला की होतो. प्रयोगशाळेत हे पाहिलेल्या मुलांना तो भुताटकीचा प्रकार वाटतो. तार तेरा नंबरवर हलवली की भूत उतरतं.

शेतकऱ्यासाठी काही करायचं म्हटलं की जमिनीचा ओलावा मोजणारा सेन्सर आलाच. तो देतो तो कमीजास्त होणारा व्होल्टेज, आणि तो वाचायला चिपच्या आत दोन मापनयंत्रं आहेत. त्यातलं दुसरं वायफाय चालू असताना वापरता येत नाही, कारण रेडिओ ते स्वतःसाठी घेतो. आणि या बोर्डावर बाहेर काढलेल्या मोजता येण्याजोग्या सगळ्या पिना नेमक्या त्या दुसऱ्याच यंत्राच्या आहेत. तेव्हा वायफाय सुरू करण्याआधी ओलावा वाचून घ्यायचा, नाहीतर एडीएस१११५सारखी वेगळी मापनचिप दोन तारांवर जोडायची. तसंच, दोन दांड्यांचा स्वस्त ओलावा सेन्सर सतत चालू ठेवला तर दांड्यांवरचा मुलामा थोड्याच दिवसांत खाल्ला जातो. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्यावा.

पीआयआरची आणखी एक मर्यादा. तो उष्णता मोजत नाही, उष्णतेतला फरक हेरतो. मागच्या भिंतीपेक्षा किंवा जमिनीपेक्षा अंगाचं तापमान वेगळं असलं पाहिजे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला हवा आणि जमीन सदतीसच्या आसपास तापलेली असताना सदतीस अंशांचं अंग त्याला नीट वेगळं दिसेलच असं नाही. सेन्सर बिघडला म्हणून बदलण्याआधी घड्याळ पाहावं.

आता शिवारात जाऊ. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसात बिबटे वाढलेत, आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मोटर सुरू करायला माणसाला अंधारात जावंच लागतं. बांधावर कॅमेऱ्याची पेटी ठेवावी ही कल्पना तिथून येते आणि ती काही वावगी नाही. फक्त तिथे भिंतीतला सॉकेट नसतो, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते.

मुलं हिशेब करतात तो असा. १८६५० नंबरचा एक लिथियम सेल, २५०० मिलिअँपिअर-तासांचा. बोर्ड खातो १८०. भागाकार केला, चौदा तास. हा भागाकार चुकीचा आहे. सेल आहे ३.७ व्होल्टचा आणि बोर्डाला हवेत पाच. मध्ये व्होल्टेज चढवणारा बूस्टर लागतो, आणि तो व्होल्ट वाढवतो तेव्हा सेलमधून त्या प्रमाणात जास्त करंट ओढतो, वर थोडी वीज स्वतः गरम होण्यात घालवतो. तेव्हा हिशेब वॅटमध्ये करायचा. सेलमध्ये ३.७ गुणिले २.५ म्हणजे सव्वानऊ वॅट-तास. बोर्ड खातो पाच गुणिले ०.१८, म्हणजे ०.९ वॅट. बूस्टर पंच्याऐंशी टक्के कार्यक्षम धरला तर सेलवर भार १.०६ वॅटचा. उत्तर पावणेनऊ तास. संध्याकाळी सहाला पेटी लावली तर पहाटे तीनच्या आधीच डोळा मिटतो, म्हणजे नेमका नको तेव्हा.

यावर उपाय बोर्डाला झोपवण्याचा. गाढ झोपेत ईएसपी३२ ची चिप साधारण दहा मायक्रोअँपिअर घेते. नुसत्या चिपचा विचार केला तर त्याच सेलवर ती कागदोपत्री अठ्ठावीस वर्षं झोपेल. पण चिप झोपते, बोर्ड झोपत नाही. रेग्युलेटर, जादा स्मृती, कॅमेरा यांचा खप चालूच असतो, आणि माहितीपत्रकच सांगतं की झोपेतला कमीत कमी खप सहा मिलिअँपिअर. म्हणजे चिपच्या सहाशे पट. पुन्हा वॅटचा हिशेब केला तर येतात अकरा दिवस, तेही बूस्टर तितक्या हलक्या भाराला तेवढाच कार्यक्षम राहिला तर. बरं, बूस्टर नको म्हणून बाजारातली पॉवर बँक लावावी, तर बोर्ड झोपला की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला, आणि ती स्वतःच बंद होते. मग उठवणार कोण?

उठवण्यातही वेळ जातो. पीआयआर सेन्सर स्वतः नगण्य वीज खातो, त्यामुळे तो जागा ठेवून त्याच्याकडून बोर्डाला उठवता येतं. पण उठायचं, कॅमेरा सुरू करायचा, त्याला उजेडाचा अंदाज येईपर्यंत पहिल्या एकदोन चौकटी टाकून द्यायच्या, एवढ्यात एक-दोन सेकंद जातात. बिबट्या फोटोसाठी थांबत नाही. हाती येतं ते हललेलं गवत. शिवाय कॅमेऱ्याच्या भिंगात अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे नुसते अवरक्त एलईडी लावून रात्री दिसेल हा भ्रम. त्या काचेविना येणारं भिंग वेगळं घ्यावं लागतं. आणि फोटो पाठवायला बांधावर वायफाय कुठलं? त्यासाठी म्हणून दुकानात सिम८००एल हे मॉड्यूल पुढे केलं जातं. ते टू-जीवर चालतं, जिओचं नेटवर्क टू-जी देतच नाही, त्यामुळे खिशातलं सिम तिथे चालेलच असं नाही. आणि त्या मॉड्यूलचा करंटचा झटका दोन अँपिअरचा. म्हणजे फिरून विजेचाच प्रश्न.

सेल विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेले रंगीत सेल सर्रास विकले जातात. नामांकित कंपन्यांचे त्याच आकाराचे सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतात. आकडा जितका मोठा तितका सेल खोटा, असं धरून चालायला हरकत नाही. आणि चार्जिंगचं टीपी४०५६ मॉड्यूल घेताना संरक्षण-चिप असलेलंच घ्यावं. लिथियमचा सेल फार उतरवला किंवा शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो, आणि उसाच्या पाचटात हे परवडणारं नाही.

हल्ली आणखी एक पाऊल पुढे टाकलं जातं: फोटो पाठवायचाच नाही, बोर्डावरच ओळखायचं की समोर काय आहे. गुगलनं लहान चिपांसाठी काढलेल्या टेन्सरफ्लो लाइट मायक्रोमध्ये माणूस आहे की नाही हे सांगणारा एक नमुना आहे. तो पाहतो ९६ गुणिले ९६ ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र. एकूण ९,२१६ ठिपके. खोलीत उजेडात उभा माणूस त्यात ओळखू येतो, आणि एवढ्याशा चिपवर हे होतं ही खरोखर कौतुकाची बाब आहे. पण तेवढ्याच ठिपक्यांत, रात्री, पंधरा मीटरवरून, कुत्रा आणि बिबट्या यांतला फरक सांगण्याचा दावा कुणी प्रदर्शनात केला तर त्याला रात्रीचे फोटो मागावेत. सूचना देणारं खेळणं म्हणून पेटी जरूर करावी. तिच्या भरवशावर कुणाला अंधारात पाठवू नये.

जाताजाता घरच्या वापराबद्दल. या बोर्डाबरोबर मिळणारा कॅमेऱ्याचा नमुना-प्रोग्राम जसाच्या तसा चढवला तर तो पासवर्ड मागत नाही. त्याच वायफायवर असलेला कुणीही पत्ता टाकून चित्र पाहू शकतो. दारावर लावला तर शेजाऱ्याचं दार त्यात येतं का तेही पाहावं. आणि राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल तर तो या बोर्डाला सापडणारच नाही. बोर्डाला फक्त २.४ कळतं.

आपल्याकडे हाताला काम देऊन शिकवण्याची कल्पना नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक त्याच पाबळमध्ये उभी राहिली. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब शाळांमध्ये आल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीची मुलं, देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा. सामान आलं, बोर्ड आले, सेन्सरांचे डबे आले. पण वीज मोजायची सवय सामानाबरोबर येत नाही. एलईडी लुकलुकवण्याच्या पहिल्या धड्यात मुलांना कोड शिकवला जातो. तो लुकलुकताना किती मिलिअँपिअर जातात हे मोजायला सांगणारे शिक्षक आहेत, पण कमी. त्यांच्या वर्गातली मुलं वेगळी ओळखू येतात. बोर्ड बंद पडला की ती लॅपटॉपकडे वळत नाहीत, आधी मल्टिमीटरची टोकं पाच व्होल्टच्या पिनला लावतात.

म्हणून या दिवाळीनंतर शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेची खरेदीची यादी करायला बसणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती. दहा बोर्ड लिहिले असतील तर आठ करा, आणि उरलेल्या पैशांत तीन साधे मल्टिमीटर, दोन अँपिअरचे खरे अडॅप्टर, आखूड जाड केबली आणि १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरांची एक पिशवी घ्या. बोर्डांपेक्षा मल्टिमीटर जास्त वर्षं टिकतील.